सणांचे खाडे

जपानमध्ये कायद्याने ठरवून दिलेल्या सुट्ट्या वर्षाला सोळा. क्योतोत ज्या दिवशी अख्खं शहर रस्त्यावर येतं तो १७ जुलै त्या सोळांत नाही. पाच डोंगरांवर जाळ करून पितरांना निरोप देतात तो १६ ऑगस्ट नाही. गल्लीगल्लीत पोरांचा सण होतो ते ऑगस्टअखेरचे दिवस नाहीत, भाजलेले सोयाबीन फेकून घरातली भुतं हाकलतात तो ३ फेब्रुवारीही नाही. उलट ३ नोव्हेंबरला ‘संस्कृती दिन’ म्हणून सगळं बंद असतं, आणि त्या दिवशी नेमकं करायचं काय हे मला तिथे कुणी धड सांगितलेलं नाही.

निशिजिन ही क्योतोची विणकरांची पेठ. तिथे आम्ही भाड्याने राहत होतो ते घर समोरून जेमतेम दोन खिडक्यांचं आणि आत लांबच लांब. पुढे दुकान, मध्ये बसाउठायची जागा, मागे माग. माग कधीच विकले गेले होते. त्यांच्यासाठी मुद्दाम उंच बांधलेलं छप्पर तेवढं राहिलं होतं. घरमालकीणबाईंचा जन्म १९३१चा. आम्ही त्यांना आजी म्हणायचो आणि त्याही त्या हाकेला ओ द्यायच्या.

सणांचं विचारलं की म्हातारी माणसं थाटामाटाचं सांगत बसतात, हा माझा आपल्याकडचा अनुभव. आजींचं उलटं. सण झाला ते वर्ष त्यांच्या लेखी सांगण्यासारखं नसे. “झाला की. दरवर्षीच होतो.” जे वर्ष खाड्यात गेलं त्याची मात्र तारीख, त्या दिवसाची हवा, कोण कुठे उभं होतं, सगळं तोंडपाठ. गल्लीच्या तोंडाशी तोफूवाले आजोबा होते, त्यांचंही तेच. दोघांचं ऐकून मी जी वही भरली ती कुणी वाचली, तर या शहराच्या सणांचा इतिहास म्हणजे ते न झालेल्या वर्षांची यादी आहे असं त्याला वाटेल. गंमत म्हणजे पुढे पुस्तकं चाळली तेव्हा तिथलाही इतिहास फार वेगळा निघाला नाही.

पहिला मोठा खाडा आजींच्याही जन्माच्या खूप आधीचा, सासरच्या घरात सांगत आलेला. एका वर्षी बारावा महिना दोनच दिवसांचा झाला. १८७२ साली मेइजी सरकारने जुनं चांद्र-सौर पंचांग मोडीत काढलं आणि बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीनंतर थेट १ जानेवारी १८७३ उजाडवला. लोकांना ही बातमी महिनाभरही आधी कळली नव्हती. वर्षअखेरीला सगळी उधारी चुकती करायची अशी रीत, आणि वर्षच अचानक संपलेलं. धनको दारात उभे, ऋणको म्हणतात अजून महिना आहे. आजींच्या घरातल्या कथेत एक सूतवाला तीन दिवस ओटीवर बसून राहिला होता म्हणे. सरकारचा स्वतःचा हिशेब त्याहून चोख होता. जुन्या पंचांगाप्रमाणे पुढचं वर्ष अधिकमासाचं, म्हणजे नोकरांना तेरा पगार. पंचांग बदललं की तेरावा वाचला, आणि दोन दिवसांच्या महिन्याचा पगार कोण देतो? तेव्हाचे मंत्री ओकुमा शिगेनोबू यांनी पुढे आपल्या आठवणींत हे मोकळेपणी कबूल केलं आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यावं लागतं म्हणून कुरकुरणारे सासरे मी पाहिले आहेत. पण ते टाळायला कुणी पंचांग जाळल्याचं ऐकिवात नाही.

त्या एका फर्मानाने सगळे सण उघड्यावर पडले. काहींनी जुनी तिथी तशीच नव्या महिन्यात नेली. सातव्या महिन्याच्या सप्तमीचा तानाबाता, विणकरीण तारका आणि गुराखी तारा वर्षातून एकदा भेटतात तो दिवस, ७ जुलैला आला. तो क्योतोत ऐन पावसाळ्यात पडतो, त्यामुळे ती भेट बहुतेक वर्षी ढगांआडच उरकते. काहींनी महिनाभर पुढे सरकवून ऋतू सांभाळला: तोकियोत पितरांचा ओबोन जुलैत होतो, क्योतोत ऑगस्टमध्ये. गिओनची मिरवणूक १७ आणि २४ जुलैवर स्थिरावायला १८७७ साल उजाडलं. आणि सरकारने वर्षाचे पाच जुने सण अधिकृतरीत्या रद्द करून त्या जागी सम्राटांच्या घराण्याचे दिवस आणून बसवले.

हे नवे दिवस म्हणजे आजींचं बालपण. १ जानेवारी, ११ फेब्रुवारी, २९ एप्रिल, ३ नोव्हेंबर. पहिला नववर्षाचा, दुसरा पहिल्या सम्राटाच्या राज्यारोहणाचा, तिसरा गादीवरच्या सम्राटांचा वाढदिवस, चौथा त्यांच्या आजोबांचा, म्हणजे मेइजी सम्राटांचा. शाळेत मुलांनी रांगेत उभं राहायचं, सम्राटांच्या तसबिरीपुढे वाकायचं, मुख्याध्यापक शिक्षणविषयक राजाज्ञा वाचत असताना मान खाली ठेवायची. नाक वाहत असलं तरी ओढायचं नाही. मग प्रत्येकाला एक लाल आणि एक पांढरा मांज्यू, आत गोड लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण. १९४० साली राजवंशाला २६०० वर्षं झाली असा हिशेब करून देशभर सोहळा झाला, तेव्हा आजी नऊ वर्षांच्या होत्या. “त्या वर्षीचे मांज्यू मोठे होते,” एवढंच त्यांना त्या २६०० वर्षांबद्दल सांगायचं असे. युद्ध लांबलं तसे मांज्यू लहान होत गेले, मग नुसता पांढरा आला, मग मान खाली घालणं तेवढं उरलं.

त्याच १९४०च्या ७ जुलैला, तानाबाताच्याच दिवशी, चैनीच्या वस्तू बनवण्या-विकण्यावर बंदीचा हुकूम लागू झाला. निशिजिनचं जरीचं कापड म्हणजे चैनीचा कळसच. विणकरीण तारकेच्या दिवशी विणकरांचे माग थांबले. तारीख निवडणाऱ्याला हे सुचलंही नसेल, पण पेठेतल्या म्हाताऱ्यांनी ते कधी सोडलं नाही. मागांचं लोखंड पुढे भंगारात गेलं.

युद्धानंतर १९४८ साली सुट्ट्यांचा नवा कायदा आला आणि देवादिकांची, सम्राटांची नावं खरवडून काढली गेली. दिवस बरेचसे तेच राहिले. २३ नोव्हेंबरला सम्राट नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवत, तो ‘श्रम-कृतज्ञता दिन’ झाला. मेइजी सम्राटांचा वाढदिवस संस्कृती दिन झाला. ११ फेब्रुवारी मात्र कापला गेला. तो १९६७ पासून ‘राष्ट्रस्थापना दिन’ म्हणून परत आला. २९ एप्रिलची तर कथाच. आधी सम्राटांचा वाढदिवस. ते गेल्यावर १९८९ पासून ‘हिरवाई दिन’, कारण त्यांना वनस्पतींची आवड होती. आणि २००७ पासून त्यांच्याच कालखंडाच्या नावाने ‘शोवा दिन’. आजींनी एकाच तारखेला तीन नावांनी सुट्टी घेतली. बदलाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती १५ जानेवारीची. वयात आलेल्या मुलामुलींचा तो दिवस २००० साली उचलून दुसऱ्या सोमवारवर नेला, लोकांना सलग तीन दिवस मिळावेत म्हणून. “पंधरवड्याची अझुकीची पेज पंधराला खायची. ती काय आता सोमवारी खायची?” त्या पंधरालाच खात राहिल्या.

या सोळांत मला मनापासून आवडतात ते दोन: वसंतसंपात आणि शरदसंपात. त्यांची तारीख कायद्यात नाही. राष्ट्रीय वेधशाळा गणित करते आणि आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत सरकारी राजपत्रात ती छापून येते. नुसत्या सूर्याला मान देणारी सुट्टी. त्या आठवड्यात लोक पितरांच्या थडग्यांवर पाणी घालायला जातात, हे कायद्याला माहीत असून तो बोलत नाही.

आता गिओन. ८६९ साली रोगराई पसरली होती. ती ज्या क्षुब्ध दैवतामुळे आली असं मानलं ते गोझू तेन्नो, बैलाच्या डोक्याचा देव, श्रावस्तीच्या जेतवनाचा रक्षक. जेतवनाचं जपानी रूप गिओन. त्याला शांतवायला देशातल्या तेव्हाच्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारले, असं परंपरा सांगते. त्या भाल्यांचे पुढे रथ झाले. मोठे ‘होको’ शेंड्यापर्यंत पंचवीसएक मीटर उंच, वजन बारा टनांच्या घरात, सांगाडा खिळा न ठोकता नुसत्या दोरांनी आवळलेला. चाकं सरळच जातात, वळत नाहीत. चौकात आलं की चाकांखाली ओल्या बांबूच्या चिपा पसरतात आणि अख्खा रथ दोरांनी आडवा खेचून फिरवतात. देऊळ यासाका, पण रथ देवळाचे नाहीत. ते गल्ल्यांचे. प्रत्येक रथ एका गल्लीचा, वर्गणी तिची, भांडणंही तिचीच.

हे गल्लीचं असणं फार जुनं आहे. १४६७ ला ओनिनचं युद्ध पेटलं, शहर जळलं, मिरवणूक थांबली ती १५०० सालापर्यंत. तेहतीस वर्षांचा खाडा. मग १५३३ साली राजकीय तंट्यात देवळाचे विधीच वरून रोखले गेले. तेव्हा शहराच्या खालच्या भागातल्या गल्ल्यांनी देवळाकडे जाऊन सांगितलं की देवाचे विधी होणार नसतील तर राहू देत, पण आमचे रथ आम्हाला काढायचे आहेत. भक्तीच्या दृष्टीने हे जरा अडचणीचं वाक्य आहे, पण या शहराबद्दल मला याहून खरं वाक्य सापडलेलं नाही.

क्योतोच्या लोकांची एक थट्टा केली जाते. ते ‘मागच्या युद्धात’ म्हणाले की ओनिनचं युद्ध समजायचं, पाचशे वर्षांपूर्वीचं. बाहेरगावचे लोक ही गोष्ट हसत सांगतात. आजींना ती अजिबात आवडत नसे. त्यांचं मागचं युद्ध कोणतं, याबद्दल शंकेला जागा नव्हती.

त्यांचं माहेर ओइके रस्त्यावर. तेव्हा तो साधा रस्ता होता. युद्धाच्या शेवटच्या वर्षात विमानहल्ल्यांची आग पसरू नये म्हणून शहरात रुंद पट्टे मोकळे करायचं ठरलं, आणि ओइके, गोजो, होरिकावा या रस्त्यांकाठची घरं पाडली गेली. नोटीस आली तेव्हा हातात थोडेच दिवस होते. सामान हातगाडीवर घालून निशिजिनला मावशीकडे नेलं. मग खांब करवतीने अर्धवट कापले, माळ्याच्या तुळईला दोर बांधले, आणि माणसांनी ताल धरून ओढलं. “गिओनला ओढतात तस्संच,” आजी म्हणाल्या. “आरोळीसुद्धा तशीच. घर एकदम नाही पडत. आधी वाकतं.” त्यांचे वडील ओढणाऱ्यांत होते. दुसरं कुणी ओढण्यापेक्षा आपण ओढावं, असं त्यांना वाटलं.

गिओनची मिरवणूक १९४३ पासून चार वर्षं निघाली नाही. १९४७ ला परवानगी मिळाली तेव्हा नागिनाता-बोको हा पहिल्या मानाचा रथ एकटा निघाला. बाकीचे एकेक करत परतले. १९५६ ला मिरवणुकीचा मार्ग बदलून ती ओइकेवरून नेऊ लागले, कारण तो आता ऐसपैस होता. आज क्योतोला गेलात तर पैसे भरून बसायच्या खुर्च्या ओइकेवरच मांडलेल्या दिसतील. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की या रुंद मार्गावरून रथांचं भव्य दर्शन होतं. त्या रुंदीखाली कुणाची स्वयंपाकघरं होती हे लिहिलेलं नसतं. आजी त्या खुर्च्यांवर कधी बसल्या नाहीत. मिरवणूक पाहायची तर परतीच्या शिनमाची रस्त्यावर, जिथे रथ दोन्हीकडच्या छपरांना घासत जातो आणि माडीवरून हात पुढे केला तर रथातल्या वाजंत्र्याला पंखा देता येतो.

तोफूवाल्या आजोबांचा खाडा वेगळा. त्यांचं साल १९६२. शिजो रस्त्याखाली रेल्वेचा बोगदा खणत होते, रस्त्यावर फळ्या टाकलेल्या, त्यावर बारा टनांचा रथ कोण घालणार? युद्ध नाही, रोग नाही, रेल्वेमुळे मिरवणूक रद्द. आजोबांना ते फार लागलं होतं. त्याहून लागलं ते १९६६. वाहतुकीला अडचण होते म्हणून २४ जुलैची दुसरी मिरवणूक १७ जुलैच्या पहिलीला जोडून टाकली. ही जोडणी ४८ वर्षं चालली. २०१४ ला पुन्हा दोन मिरवणुका सुरू झाल्या आणि १८६४च्या आगीत गेलेला ओफुने-होको, नावेच्या आकाराचा रथ, दीडशे वर्षांनी दुसरीच्या शेवटी चालला. आजोबा दुकान बंद ठेवून गेले. तोफूवाल्याने जुलैत दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, हे तिथला उकाडा सोसलेल्यालाच कळेल.

रथांच्या अंगावर काय काय असतं! सोळाव्या शतकातला बेल्जियमचा विणलेला पडदा, त्यावर ट्रॉयच्या युद्धाचा प्रसंग. चिनी भरतकाम. आणि गालिचे. परदेशाला दारं बंद असलेल्या काळात डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आलेले, क्योतोच्या धनिक गल्ल्यांनी रथासाठी विकत घेतलेले. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी ते तपासले आणि त्यांतले काही आपल्या दख्खनमध्ये विणलेले असल्याचं ठरवलं. हिंदुस्थानात त्या घाटाचे गालिचे फारसे उरलेले नाहीत. तिथे ते वर्षातून काही दिवस बाहेर काढून पुन्हा पेटीत ठेवायची शिस्त होती म्हणून टिकले. मी हे आजींना सांगितलं. सोलापूरच्या वतीने हक्क सांगायचा मोह आवरला. विणकराच्या घरातल्या बाईने विचारायचं तेच त्यांनी विचारलं: गाठी इंचाला किती? पुढच्या जुलैत आम्ही दोघी एका रथाशी नाक लावून उभ्या होतो, आणि रखवालदार आमच्याकडे संशयाने बघत होता.

मधले सण मी भरभर सांगते, कारण आजीही तसंच सांगायच्या. ३ फेब्रुवारीच्या सेत्सुबुनला आपल्या वयाइतके भाजलेले दाणे खायचे. ऐंशीच्या पुढे गेल्यावर त्या तीनच दाणे चहात टाकून तो पीत. ३० जूनला मिनाझुकी, बर्फाच्या तुकड्याची आठवण म्हणून त्रिकोणी कापलेली मऊ पांढरी वडी, वर अझुकी. जुलैत हामो नावाचा काटेरी मासा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कितानो तेनमानगू देवळाची झुइकी पालखी, जिचं छप्पर अळूच्या देठांनी शाकारलेलं असतं आणि सजावट भोपळे, मिरच्या, वांग्यांची. अळूचं फदफदं सोडून त्याचं काही होऊ शकतं हे मला तिथे कळलं. २२ ऑक्टोबरचा जिदाई, युगांचा उत्सव, ऐतिहासिक पोशाखांची लांबलचक मिरवणूक. पर्यटकांना तो सर्वांत प्राचीन वाटतो. तो १८९५चा. राजधानी तोकियोला गेल्यावर खचलेल्या शहराने आपल्या ११०० वर्षांच्या निमित्ताने स्वतःचंच मन रमवायला सुरू केलेला. आजी त्याला नवा सण म्हणत.

ऑगस्ट मात्र त्या सावकाश सांगत.

१६ तारखेला रात्री आठ वाजता पूर्वेच्या डोंगरावर ‘दाइ’ हे अक्षर पेटतं, दोन्ही हात पसरून पाय फाकलेल्या माणसासारखं. ७५ चुली, लाल पाइनची लाकडं. मग पाच-पाच मिनिटांच्या अंतराने उत्तरेला दोन अक्षरं, मग नाव, मग आणखी एक ‘दाइ’, शेवटी पश्चिमेला तोरी, देवळाची कमान. ओबोनला घरी आलेले पितर या उजेडात परत जातात. हे कोणी सुरू केलं याची श्रेयं मोठमोठ्या आचार्यांना दिली जातात, पण लेखी उल्लेख सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे. सरकारी हुकमावरून चालणारी ही गोष्ट नाही. पायथ्याची घराणी पिढ्यान्‌पिढ्या लाकूड वाहतात. मेइजी काळात प्रांताच्या सरकारने ओबोनची सगळी प्रकरणं अंधश्रद्धा म्हणून बंद केली तेव्हा हे डोंगरही दहाएक वर्षं काळे राहिले.

१९४३ ला युद्धामुळे रात्री दिवा लावायची बंदी. मग त्या १६ ऑगस्टला पहाटे पायथ्याच्या शाळेची मुलं आणि गावकरी असे शेकडो लोक पांढरे सदरे घालून डोंगर चढले आणि चुलींच्या जागी उभे राहिले. सकाळच्या उन्हात शहराला पांढरं ‘दाइ’ दिसलं. आजी बारा वर्षांच्या होत्या, वडिलांबरोबर कामो नदीच्या पुलावर गेल्या होत्या. “अक्षर हलत होतं,” त्या म्हणाल्या. वर ती मुलं रेडिओवरची कवायत करत होती. मला हे ऐकून अंगावर काटा आला; आजींना तेव्हा हसू आलं होतं, आणि वडिलांनी डोक्यात टपली मारली होती.

१९४५ ला १६ ऑगस्ट म्हणजे शरणागतीचा दुसरा दिवस. जूनमध्ये निशिजिनवर बॉम्ब पडून माणसं गेली होती; क्योतोवर बॉम्ब पडलेच नाहीत असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. थोरल्या भावाची पेटी फिलिपिन्सहून आली होती, आत अस्थी नव्हत्या, एक चिठ्ठी होती. लढाई थांबली होती, पण डोंगरावर लाकूड नव्हतं आणि चढायला माणसं नव्हती. “आमच्याकडे आलेला तो त्या वर्षी गेलाच नाही. आई म्हणायची, राहू दे, घरात माणसं कमीच आहेत.” १९४६ ला जाळ पुन्हा झाले, तेव्हा मायलेकी फुनाओका टेकडीवर जाऊन उभ्या राहिल्या.

म्हणून २०११ साली त्या चिडल्या. त्सुनामीत वाहून गेलेल्या रिकुझेनताकाता गावच्या पाइनच्या लाकडांवर तिथल्या लोकांनी आपल्या मृतांसाठी चार शब्द लिहून दिले होते, ती क्योतोच्या डोंगरावर जाळायची होती. किरणोत्साराच्या भीतीने बेत रद्द झाला. देशभर टीका झाल्यावर दुसरी लाकडं आणली, त्यांच्या सालीत सीझियम निघालं, पुन्हा रद्द. भीती निराधार होती असं मी म्हणणार नाही. पण आजींचं वाक्य वहीत आहे: “तेव्हा लाकूड नव्हतं. आता लाकूड होतं, आणि आम्ही ते नाकारलं.”

१६ ऑगस्टच्या जाळांनंतर आठवड्याभराने जिझो-बोन. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, मुलांचा राखणदार. क्योतोच्या बहुतेक गल्लीत त्याचं एक देवळी-एवढं देऊळ असतं. २३-२४ ऑगस्टच्या सुमारास त्याला धुऊन रंगवून सजवतात, गल्लीत सतरंज्या घालतात, मुलं गोल बसून कित्येक मीटर लांबीची एक जपमाळ हातोहात फिरवतात, आणि मग दिवसभर खाऊ. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक कागदी कंदील टांगतात, मुलीचा लाल, मुलाचा पांढरा. माझ्या लेकीचा लाल कंदील आजींनी स्वतः लिहून घेतला, कारण वर्गणीच्या यादीत आमचं नाव घालायचं की नाही यावर गल्लीत दोन मतं होती आणि त्यांना मतं फार काळ चाललेली आवडत नसत.

१९४५च्या ऑगस्टात गल्लीत मुलंच नव्हती. शहरातल्या शाळकरी पोरांना हल्ल्यांच्या भीतीने खेड्यांतल्या देवळांत नेऊन ठेवलं होतं. दोन-चार तान्ही तेवढी मागे. माळ मोठ्या बायकांनी फिरवली. आता तर कसलं युद्ध नाही, तरी आम्ही होतो तेव्हा गल्लीत लेकीला धरून मुलं तीन. माळ पुन्हा म्हातारी माणसंच फिरवतात, आणि पन्नाशीला आलेल्या मुलांचे कंदील काढायला कुणी धजत नाही. सण आता जवळच्या रविवारी करतात, तोही अर्धा दिवस. या प्रकाराला खाडा म्हणायचं की नाही, यावर आजी आणि तोफूवाले आजोबा यांचं कधी जमलं नाही. आजींच्या मते कंदील लागला तर सण झाला. आजोबांच्या मते भांडायला पोरं नसतील तर नाही झाला.

आजी २०१९च्या थंडीत गेल्या. त्यामुळे पुढचे दोन खाडे त्यांच्या खात्यात नाहीत. २०२० आणि २०२१ ला गिओनचे रथ निघाले नाहीत, आणि ‘दाइ’च्या ७५ चुलींपैकी सहाच पेटल्या, गर्दी होऊ नये म्हणून. रोग घालवायला सुरू झालेली मिरवणूक रोगामुळेच बंद राहिली, यावर तिथल्या वर्तमानपत्रांनी भरपूर लिहिलं. आजोबांनी फोनवर एवढंच सांगितलं की दोन वर्षं काहीच नाही, ओनिनच्या मानाने.

२०२२ ला रथ परत आले ते एक जास्तीचा घेऊन. ताका-यामा १८२६च्या पावसात खराब झाला आणि त्यानंतर मिरवणुकीत आला नाही; १८६४च्या आगीत उरलासुरला सांगाडाही गेला, त्यावरच्या ससाणेवाल्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या मूर्तींचे काही अवशेष वाचले. अशा रथांना तिथे बंद पडलेले म्हणत नाहीत, विश्रांती घेत असलेले म्हणतात. १९६ वर्षांची विश्रांती घेऊन तो चालला. पुढे क्योतोला गेले तेव्हा मी आजोबांना विचारलं, कसा होता? ते म्हणाले, लाकूड फार पांढरं आहे, काळं व्हायला शंभर वर्षं जातील.

आता चौतीस रथ झाले. होतेइ-यामा तेवढा राहिला आहे. तो अठराव्या शतकापासून निघालेला नाही, पण त्याची गल्ली दर जुलैत होतेइची मूर्ती मांडून बसते.

“मग होतेइचं कधी?” मी विचारलं.

“घाई कसली आहे,” आजोबा म्हणाले, आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, तळलेला हवा की साधा.